तांबड्या केसांची निगा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

काळ्या केसांच्या आपल्या समाजात तांबड्या केसांविषयी पत्रे क्वचितच येतात. या वेळी मात्र ठाणे, ग्लासगो, पालघर आणि म्हापसा अशा चार ठिकाणांहून ती आली. प्रत्येकाची अडचण वेगळी असली तरी विषय एकमेकांना लागून असल्याने ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त एडिंबरोला होता. माझी सून मूळची स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसची आहे. दोघेही मे महिन्यात ठाण्याला आमच्याकडे राहायला आले. सुनेचे केस जन्मतःच तांबडे आणि कुरळे आहेत. तिकडे ते छान वळणदार असत, पण पाऊस सुरू झाल्यापासून इतके फुलतात की त्यावर क्लिपसुद्धा टिकत नाही. मी खोबरेल तेल लावून वेणी घालायला सांगते. ती ‘आई, वास येतो’ म्हणून टाळते आणि तेलाने केस काळे पडतील अशी तिला धास्तीही आहे. पार्लरवाल्या बाई केरॅटिन करून घ्यायला सांगतात. काय करावे?
— एक सासूबाई, ठाणे

उत्तर : प्रथम आपल्या सुनेची धास्ती दूर करूया. तेलाने केस काळे पडत नाहीत. केसाचा रंग त्वचेखाली, केसाच्या मुळाशीच ठरतो. तिथल्या पेशी युमेलॅनिन नावाचे काळे-तपकिरी आणि फिओमेलॅनिन नावाचे तांबूस-पिवळे अशी दोन रंगद्रव्ये तयार करतात. तांबड्या केसांत दुसऱ्याचे प्रमाण फार मोठे असते. एकदा केस त्वचेबाहेर आला की कोणतेही तेल त्या द्रव्यात फेरफार करू शकत नाही. तेल लावल्यावर केस गडद दिसतात ते केवळ ओलसरपणामुळे, आणि धुतल्यावर ते पूर्ववत होतात.

आता फुलण्याविषयी. याला केसांचा रंग कारणीभूत नाही. तांबड्या केसांची संख्या बहुधा कमी असते. काळे केस डोक्यावर लाखभर असतील, तर तांबडे साधारण ९०,००० असतात, परंतु प्रत्येक केस तुलनेने जाड असतो. म्हणून ते दाट भासतात आणि फुलले की अधिक नजरेत भरतात. फुलण्याचे खरे कारण केसांचे वळण आणि हवेतील दमटपणा. टाळूतून सुटणारा नैसर्गिक तेलकटपणा सरळ केसावरून टोकापर्यंत सहज ओघळतो, कुरळ्या केसात मात्र तो मुळाशीच अडकतो आणि पुढचा भाग कोरडा राहतो. कोरड्या केसावरील सूक्ष्म खवले उचललेले असतात, त्यांतून हवेतील बाष्प आत शिरते, केस फुगतो आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेने वळतो. माणसाचा केस बाष्पाला इतका संवेदनशील असतो, की जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ साली केसाच्या लांबीवरून हवेतील आर्द्रता मोजण्याच्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर दीर्घकाळ वेधशाळांत केसाचे आर्द्रतामापक वापरले गेले. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेल्यावर केस जेमतेम दोन-अडीच टक्के लांबतो, पण जाडीने त्याहून कितीतरी अधिक वाढतो.

मग स्कॉटलंडमध्ये, जिथे पाऊस आणि धुके यांची वाण नाही, तिथे हे का घडत नव्हते, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तिथे बाहेरची हवा दमटच असते. पण ती थंड हवा घरात येऊन हीटरने तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्म्याने उतरते, आणि दिवसाचा बहुतेक वेळ तर घरात किंवा कार्यालयातच जातो. ठाण्यात जुलै महिन्यात ८० ते ९० टक्के आर्द्रता खिडकीबाहेर असते तशीच खिडकीच्या आतही असते, त्यात घामाची भर पडते, आणि वातानुकूलित कार्यालयातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पुन्हा कार्यालयात असे दिवसातून चार वेळा झाले, की केस आळीपाळीने सुकतात आणि फुगतात. यात आपल्या सुनेचे किंवा तिच्या निगेचे काही चुकलेले नाही. तिकडची पद्धत इकडच्या हवेला पुरत नाही, एवढेच.

तेलाचा आपला आग्रह रास्त आहे, फक्त वेळ बदलायला हवी. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली, तेव्हा धुण्याआधी आणि धुतल्यानंतर लावल्यास केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीयरीत्या कमी करणारे तेल खोबरेलच ठरले. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतूनच आलेले आहे हे लक्षात ठेवावे. तरीही तेल केसात का शिरते याचे त्यातील स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. तेव्हा न्हाण्याआधी अर्धा तास, किंवा आदल्या रात्री, चमचा-दीड चमचा तेल केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत लावावे आणि मग धुवावे. दिवसभर तेल थापून चापून वेणी घातली तर केस बसतील खरे, पण घाम, धूळ आणि तेल यांचा थर टाळूवर साचून पावसाळ्यात कोंडा आणि पुटकुळ्या वाढतात. वासाचीच अडचण असेल तर शुद्धीकरण केलेले, जवळपास गंधहीन खोबरेल दुकानात मिळते. दोघींची अडचण एका बाटलीत सुटण्यासारखी आहे.

धुणे आठवड्यातून दोनदा पुरे. अंगाचा साबण केसांना लावू नये. त्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचे माप) ९ ते १० च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि त्याने खवले आणखी उचलले जातात. सौम्य शाम्पू फक्त टाळूला लावावा, लांबीला फेसाचे ओघळणारे पाणी पुरते. नंतर कंडिशनर भरपूर घ्यावा आणि तो केसात असतानाच रुंद दातांच्या फणीने गुंता सोडवावा. न्हाल्यानंतर टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणे ही आपल्याकडची सर्रास सवय कुरळ्या केसांची वैरीण आहे. घरातला जुना, मऊ पडलेला पंचा घ्यावा आणि केस मुठीत धरून त्याने हलके दाबत पाणी टिपावे. केस चांगले ओले असतानाच, म्हणजे पाणी टपकणे थांबले पण केस सुकू लागलेले नाहीत अशा वेळी, धुवून न टाकण्याचा कंडिशनर आणि त्यावर जेल किंवा सिलिकोनयुक्त सीरम लावावे. सिलिकोनला नाके मुरडण्याची हल्ली पद्धत आहे, पण दमट हवेत केसाभोवती पातळ आवरण धरून बाष्प रोखण्याचे काम त्याइतके चोख करणारे दुसरे काही सहज मिळत नाही. याउलट ज्या उत्पादनाच्या घटकांत ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल, ते पावसाळ्यात टाळावे, कारण ते हवेतील पाणी ओढून घेते आणि ओढलेले पाणी केसालाच देते. एकदा जेल लावले की केस पूर्ण सुकेपर्यंत त्यांना हात लावू नये. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून अधिक केस याच टप्प्यावर, अर्धवट सुकले असताना विंचरल्याने, पिंजारलेले असतात.

केरॅटिनबाबत, म्हणजे रसायने लावून इस्त्रीने केस सरळ आणि गुळगुळीत करण्याच्या पार्लरमधील प्रक्रियेबाबत, आमचे मत स्पष्टपणे नकाराचे आहे. या प्रक्रियांपैकी अनेकांत फॉर्मल्डिहाइड हे आरोग्याला घातक रसायन किंवा उष्णतेने फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्ये असतात. ती टाळण्यासाठी आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाच्या प्रक्रियांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. शिवाय या आम्लाने आणि इस्त्रीच्या उष्णतेने केसांचा रंग फिका पडतो. काळ्या केसांत ते फारसे जाणवत नाही, तांबड्या केसांत मात्र ताबडतोब दिसते.

दोन गोष्टी मात्र खरोखर रंगाशी निगडित आहेत. पहिली उन्हाची. फिओमेलॅनिन अतिनील किरणांपासून फारसे संरक्षण देत नाही, म्हणून असे केस उन्हात लवकर विटतात, आणि हीच जनुकीय ठेवण त्वचेतही असल्याने भांगाची रेघ, कानाच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू भाजते. या व्यक्तींत त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगाचा धोकाही अधिक असतो, तेव्हा ढगाळ दिवशीदेखील टोपी किंवा ओढणी हवी आणि एखादा तीळ आकार वा रंग बदलू लागला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. दुसरी गोष्ट डागांची. आपल्याकडे आवळा लोखंडी कढईत भिजवून किंवा उकळून लावण्याची पद्धत आहे. आवळ्यातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो, आणि फिकट केसांवर तो मळकट छटा सोडतो. सुनेवरच्या मायेपोटी हा प्रयोग करू नये. शिकेकाई वापरायची असेल तर स्टीलच्या भांड्यात काढा करून, गाळून वापरावी. आणि गणपतीच्या मिरवणुकीत जाण्याआधी केसांना थोडे तेल लावून ते बांधून घ्यावेत. घरी आल्यावर पाणी घालण्यापूर्वी गुलाल कोरडाच झटकून काढावा, कारण तो ओला झाला की कोरड्या, फिकट केसांत मुरतो आणि चार-चार न्हाण्यांनीही सुटत नाही.

प्रश्न : आम्ही ग्लासगोला राहतो. माझे केस काळेभोर, नवऱ्याचे लालभडक. सात वर्षांच्या मुलीचे केस गडद तपकिरी आहेत, पण उन्हात तांब्यासारखी झाक मारतात, आणि कुरळेही आहेत. तिचे केस विंचरणे म्हणजे रोज सकाळी रडारड. हिवाळ्यात ते इतके राठ होतात की हात लावला तर चट्चट् आवाज येतो. आईने पुण्याहून पाठवलेले खोबरेल इथे दगडासारखे थिजते. तिला हे केस नेमके कोणाकडून मिळाले?
— एक आई, ग्लासगो

उत्तर : तांब्याची झाक वडिलांकडून मिळाली असणार. १९९५ साली ब्रिटनमधील संशोधकांनी तांबड्या केसांचा संबंध १६ व्या गुणसूत्रावरील एमसीवनआर या जनुकाशी जोडला. केस पूर्ण तांबडे होण्यासाठी सामान्यतः या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. आपल्या पतीकडे बहुधा तशा दोन आहेत, म्हणून त्यातील एक मुलीकडे आलीच, आणि दुसरी प्रत आपली, काळ्या केसांची. एकाच बदललेल्या प्रतीनेही केसांत तांबूस छटा किंवा अंगावर वांगासारखे तपकिरी ठिपके दिसू शकतात. कुरळेपणा मात्र निराळ्या जनुकांचा खेळ आहे आणि तो दोन्ही घराण्यांतून आलेला असू शकतो.

ग्लासगोचे पाणी आपल्या बाजूचे आहे. शहराला १८५९ पासून लॉक कॅट्रीन सरोवराचे पाणी मिळते आणि ते अतिशय मृदू असते. लंडनच्या नळाच्या किंवा पुण्याच्या उपनगरांतील बोअरवेलच्या पाण्याप्रमाणे केसांवर चुन्याचा थर बसण्याची भीती तिथे नाही. मात्र मृदू पाण्यात फेस फार होतो, म्हणून शाम्पू पुण्यात घेत असाल त्याच्या निम्माच घ्यावा. जास्त घेतलेला शाम्पू मुलीच्या केसांतील उरलासुरला तेलकटपणाही काढून नेतो.

हिवाळ्यातील चट्चट् म्हणजे स्थिर विद्युत. हीटरने कोरड्या झालेल्या हवेत, लोकरीच्या टोपीशी घासल्यावर ती निर्माण होते. टोपीला आतून साटीनचे अस्तर शिवून घ्यावे. उशीलाही तसाच अभ्रा चालेल. घरात मऊ जुनी साडी असेल तर ती फाडून वापरण्यास हरकत नाही, आईची परवानगी घ्यावी.

खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, तेव्हा ग्लासगोत ते बहुतेक वर्षभर घट्टच राहणार. बाटली गरम पाण्यात दोन मिनिटे ठेवावी, किंवा रुंद तोंडाच्या डब्यात भरून थिजलेलेच बोटाने घेऊन तळहातावर वितळवावे.

विंचरण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण रडारड तिथेच आहे. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घालणे बंद करावे. सकाळी नव्हे, तर न्हाण्याच्या संध्याकाळी हे काम करावे. केसांचे चार भाग करून तीन भाग चिमट्याने वर बांधावेत. मोकळ्या भागाला इतका कंडिशनर लावावा की केस बोटांतून निसटू लागतील. आधी बोटांनीच मोठ्या गाठी सुट्या कराव्यात, मग रुंद दातांची फणी टोकापासून दोन-तीन इंच वरून खाली फिरवावी, आणि तेवढा भाग मोकळा झाल्यावरच हात वर सरकवावा. गाठीच्या वर, मुळाच्या बाजूला, केस दुसऱ्या मुठीत घट्ट धरावेत म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोहोचत नाही. दुखते ते याच ओढीने. मुळापासून सरळ खाली फणी ओढली की सगळ्या छोट्या गाठी एकत्र येऊन मानेजवळ एक मोठी गाठ बनते, आणि तिथे कात्रीची वेळ येते. सगळे सुटल्यावर धुवून दोन सैल वेण्या घालाव्यात. सकाळी शाळेला निघताना त्यांवरून फक्त ओला हात फिरवला तरी भागते.

एक शेवटचे : त्या देशातही तांबड्या केसांवरून मुले एकमेकांना चिडवतात. मुलीसमोर ‘हे कसले केस’ असे वैतागून म्हणणे निदान घरात तरी टाळावे.

प्रश्न : मी अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या पाड्यावरच्या एका तीन वर्षांच्या मुलाचे पूर्वी काळे असलेले केस गेल्या काही महिन्यांत तांबूस, राठ आणि विरळ झाले आहेत. काही जण म्हणतात उन्हाने झाले, तेल लावा. खरे काय?
— एक मदतनीस, पालघर जिल्हा

उत्तर : हे पत्र आम्ही आल्या दिवशीच उत्तर देऊन रवाना केले आहे, इतरांच्या माहितीसाठी येथे छापत आहोत. उन्हाने केसांची टोके तांबूस होतात, मुळे काळीच राहतात, आणि केस सहसा विरळ होत नाहीत. काळे केस मुळापासून तांबूस होणे, सहज उपटून येणे आणि विरळ होणे ही प्रथिनांच्या तीव्र कमतरतेची खूण असू शकते. अशा वेळी तेल-शाम्पूचा विचारही करू नये. बाळाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावे. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे आणि ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तरीही तसेच समजावे. दोहोंपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तिथून गरजेप्रमाणे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. दोन्ही खुणा नसल्या तरी वजन-उंची मोजून डॉक्टरांना दाखवावेच.

प्रश्न : म्हापशात माझे पार्लर आहे. हंगामात आयर्लंड, स्कॉटलंडकडच्या बायका येतात. समुद्रात पोहून त्यांचे तांबडे केस वाळल्या गवतासारखे झालेले असतात, आणि त्यांना मेंदी लावून हवी असते. आमच्या नेहमीच्या पद्धतीने लावली तर एकीचे केस तपकिरी झाले आणि ती नाराज झाली. या केसांना मेंदी कशी लावावी?
— एक पार्लरचालक, म्हापसा

उत्तर : आपली नेहमीची पद्धत पांढऱ्या केसांची पांढराई झाकण्यासाठी बनलेली आहे. चहाचा काढा, कात, आवळा, लोखंडी कढई, यांतील प्रत्येक गोष्ट मेंदीला तपकिरी-काळ्याकडे नेते. तांबड्या केसांना यांतील काहीच नको. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे द्रव्य नारिंगी-तांबडे असते आणि ते केसातील केरॅटिन या प्रथिनाला चिकटून बसते. फिकट केसांवर ते पारदर्शक थरासारखे काम करते, म्हणजे खालचा रंग दिसत राहतो आणि त्यावर तांबडी छटा चढते. राजस्थानात सोजतची चाळलेली मेंदी मिळते, तशी बारीक पूड काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात फक्त कोमट पाण्यात भिजवावी. लिंबाने रंग खुलतो, परंतु समुद्राने आधीच कोरड्या झालेल्या केसांना ते आणखी राठ करते.

पहिली अट पुडीची. पाकिटावर ‘काळी मेंदी’, ‘बर्गंडी मेंदी’ असे लिहिलेले असेल तर त्यात पीपीडी हे रासायनिक रंगद्रव्य किंवा धातूंचे क्षार असण्याची शक्यता आहे. पीपीडीने काहींच्या टाळूला आणि चेहऱ्याला भयंकर सूज येते. धातूंचे क्षार असलेल्या केसांवर पुढे ब्लीच केले तर केस तापून तुटू शकतात. घटकांत मेंदीच्या पानांव्यतिरिक्त काही लिहिलेले असेल, किंवा काहीच लिहिलेले नसेल, तर ते पाकीट या ग्राहकांना वापरू नये. जी-६-पीडी या विकराची (तांबड्या रक्तपेशी टिकवणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना आणि तान्ह्या मुलांना मेंदी लावू नये, कारण त्याने तांबड्या रक्तपेशी फुटल्याची उदाहरणे आहेत.

दुसरी अट बटेची. आदल्या दिवशी कानामागची, वरच्या केसांखाली लपणारी एक बट घेऊन तीवर अर्धा तास मेंदी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात ग्राहकाला दाखवावी. धुतल्या धुतल्या दिसणारा रंग भडक नारिंगी असतो. हवेशी संयोग होऊन तो दोन दिवसांत गडद होतो. तो नारिंगी रंग पाहून कोणी नाराज झाले, तर ती नाराजी बहुधा या दोन दिवसांतच मिटते. फिकट केस रंग लवकर धरतात, त्यामुळे आपल्या सवयीचे दोन-तीन तास येथे फार होतात. बटेवर जितक्या वेळात हवी ती छटा आली, तितकाच वेळ डोक्यावर ठेवावी आणि नंतर दोन दिवस शाम्पू टाळावा.

मेंदीआधी केस सुधारणे अधिक गरजेचे आहे, हे मात्र त्यांना सांगावेच लागेल. मिठाच्या पाण्याने राठ झालेल्या केसांत लेप लावताना आणि विशेषतः काढताना गुंता होऊन केस तुटतात. आधी एक-दोन दिवस खोबरेल आणि कंडिशनर लावावे, मेंदीच्या दिवशी मात्र केस स्वच्छ, तेलविरहित असावेत. लेप वाळू न देता टोपीखाली ओला ठेवावा आणि काढताना केस बादलीत बुडवून त्यातच कंडिशनर मिसळावा, म्हणजे पूड घासावी न लागता निसटते. पुन्हा पोहायला जाण्यापूर्वी साध्या पाण्याने केस भिजवून कंडिशनर लावून वेणी घालण्याची सवय त्यांना लावावी. गोड्या पाण्याने आधीच तुडुंब भरलेला केस खारे पाणी कमी शोषतो. जाताना त्यांच्या हाती मेंदीच्या पाकिटाचे घटकांचे लेबल कापून द्यावे, म्हणजे मायदेशी कुणी केस ब्लीच करण्याआधी ते वाचू शकेल.